माजाची वेळ मेंदू ठरवतो

वैशाखाचे ऊन तापू लागले की पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांतल्या गोठ्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. म्हैस व्यायला पाच महिने होऊन गेले, पण अजून माजावर आलेली नाही. जनावर दिसायला धडधाकट असते. पशुवैद्य तपासतात, तेव्हा गर्भाशयात रोग आढळत नाही. अंडाशय जागच्या जागी असतात. मग दर एकवीस दिवसांनी दिसायला हवा तो माज जातो कोठे?

आधी या एकवीस दिवसांचा हिशेब करू या. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. ती तेरा-चौदा महिन्यांनी पुन्हा व्यावी असे वाटत असेल, तर व्याल्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत गाभण राहायला हवी. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. चार हुकले की चौऱ्यांशी. तेवढा भाकड काळ वाढला. भाकड जनावर दूध देत नाही, पण त्याला कडबा आणि पाणी रोज लागते. दोन म्हशींच्या दुधावर ज्या घराचा किराणा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालतो, त्या घराला हे चौऱ्यांशी दिवस फार जड जातात.

या प्रश्नाचे उत्तर शोधत आपण अंडाशयाकडून निघालो, तर वाट थेट जनावराच्या डोक्यात जाते. माजावर यायचे की थांबायचे, हे मेंदू ठरवतो, आणि आपला निर्णय तो ‘पेप्टाइड’ नावाच्या चिमुकल्या रेणूंच्या रूपाने कळवतो.

ग्रंथी आणि तिचा धनी

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या एका खळग्यात पियूषिका ग्रंथी बसलेली असते. साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या गाई-म्हशीत हिचे वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम भरते. हिच्या पुढच्या भागातून अनेक संप्रेरके रक्तात सोडली जातात. वाढ, थायरॉइडचे काम, दुधाची निर्मिती आणि प्रजनन या सर्वांवर त्यांचा अंमल चालतो. प्रजननाशी संबंधित संप्रेरके दोन. पुटक-उद्दीपक संप्रेरक (एफएसएच) अंडाशयातील पुटकांची, म्हणजे अंडपेशी जिच्यात वाढते त्या फोडांची, वाढ घडवून आणते. पीतपिंडकारी संप्रेरक (एलएच) पक्व झालेले पुटक फोडून अंडे बाहेर काढते.

एके काळी पियूषिकेलाच सर्व ग्रंथींची स्वामिनी मानत असत. पण ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांना वेगळेच दिसत होते. पियूषिकेच्या अगदी वर मेंदूचा अधश्चेतक नावाचा भाग असतो. या दोघांना जोडणारे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक जाळे आहे. या जाळ्यातून मेंदूच पियूषिकेला रासायनिक आज्ञा देत असला पाहिजे, असे हॅरिस यांचे म्हणणे होते. १९५२ साली त्यांनी आणि डोरा जेकबसन यांनी उंदरांवर एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. पियूषिका काढून टाकलेल्या मादी उंदरांत त्यांनी दुसरी पियूषिका बसवली. ती अधश्चेतकाखाली बसवली आणि तिच्यात तेथील रक्तवाहिन्या शिरल्या, तर ती पुन्हा काम करू लागे. तीच ग्रंथी मेंदूखाली दुसऱ्या ठिकाणी बसवली, तर जिवंत राही, पण मुकी होई. म्हणजे पियूषिका धनीण नव्हे, ती हुकूम पाळणारी कारभारीण आहे.

येथे रक्तवाहिन्यांच्या या खास जाळ्याचे महत्त्व ध्यानात घ्या. नाथसागराचे थोडेसे पाणी एखाद्या शेतासाठी गोदावरीत सोडून दिले, तर ते शेतापर्यंत कधी पोचणार? तेच पाणी चारीने सोडले, तर थेट पिकाच्या मुळाशी जाते. मेंदूची पेप्टाइडे अतिशय थोडी असतात. सर्व शरीराच्या रक्तात ती विरून गेली असती. या खास ‘चारी’मुळे ती पुरेशा प्रमाणात पियूषिकेपर्यंत पोचतात.

लाखो मेंदूंतून एक रेणू

आज्ञा रासायनिक आहे हे पटले, तरी ते रसायन कोणते? ॲमिनो अम्लांचे मणी एका माळेत ओवले की पेप्टाइड तयार होते. माळ खूप लांब असली तर तिला आपण प्रथिन म्हणतो. मेंदूच्या आज्ञा अशा छोट्या माळांच्या रूपात असाव्यात, असा तर्क होता. पण एका जनावराच्या अधश्चेतकात त्या इतक्या अल्प असतात की एका मेंदूवरून काहीच समजत नाही.

अमेरिकेत रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली या दोन शास्त्रज्ञांच्या गटांनी हे काम हाती घेतले आणि त्यांच्यात वर्षानुवर्षे चुरस चालली. गिलमँ यांनी कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे अधश्चेतक लाखोंनी गोळा केले, तर शॅली यांनी डुकरांचे. पहिले पेप्टाइड १९६९ मध्ये उलगडले. त्याचे एक मिलिग्रॅम मिळवण्यासाठी गिलमँ यांच्या गटाला सुमारे तीन लाख मेंढ्यांचे अधश्चेतक लागले होते. त्यानंतर १९७१ मध्ये शॅली यांच्या गटाने दीड लाखाहून अधिक डुकरांच्या अधश्चेतकांतून प्रजननाची आज्ञा देणारे पेप्टाइड वेगळे केले. त्याचे नाव गोनॅडोट्रोपिन विमोचक संप्रेरक, थोडक्यात जीएनआरएच. माळ फक्त दहा मण्यांची. गाय, म्हैस, मेंढी, डुक्कर आणि माणूस या सर्वांत तीच.

या कामासाठी दोघांना १९७७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची किरणोत्सारी पद्धत शोधणाऱ्या रोझलिन यॅलो त्या वर्षीच्या तिसऱ्या मानकरी होत्या. अधश्चेतकाच्या आज्ञांपैकी मुख्य पाच अशा :

१. थायरोट्रोपिन विमोचक : ३ ॲमिनो अम्ले. थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक सोडवते.
२. गोनॅडोट्रोपिन विमोचक (जीएनआरएच) : १० ॲमिनो अम्ले. एफएसएच आणि एलएच सोडवते.
३. सोमॅटोस्टॅटिन : १४ ॲमिनो अम्ले. वाढ-संप्रेरकाला आवर घालते. १९७३ मध्ये मेंढीच्या अधश्चेतकातून मिळाले.
४. कॉर्टिकोट्रोपिन विमोचक : ४१ ॲमिनो अम्ले. ताणाच्या वेळी कामाला येते. १९८१ मध्ये मेंढीच्याच अधश्चेतकातून मिळाले.
५. वाढ-संप्रेरक विमोचक : ४४ ॲमिनो अम्ले. याचा शोध १९८२ मधला.

या यादीत काही ‘सोडा’ म्हणणारी आहेत, तर सोमॅटोस्टॅटिनसारखे ‘थांबा’ म्हणणारे आहे. लगाम आणि चाबूक दोन्ही मेंदूच्याच हाती असतात.

घंटेचा एक टोला आणि सलग घणघणाट

जीएनआरएच मिळाल्यावर वाटले की प्रश्न सुटला. माजावर न येणाऱ्या जनावराला हे पेप्टाइड सतत देत राहिले की झाले! पण प्रत्यक्षात उलटेच घडले.

१९७८ मध्ये अमेरिकेत अर्नस्ट नोबिल यांच्या गटाने स्वतःचे जीएनआरएच तयार न होणाऱ्या माकडिणींवर प्रयोग केला. तासातून एकदा थोडेसे जीएनआरएच दिले की पियूषिका व्यवस्थित काम करी. तेच पेप्टाइड अखंड धारेने दिले की पियूषिका काही दिवसांतच गप्प होई. पुन्हा तासाच्या ठोक्यावर आणले की ती पुन्हा जागी होई.

निरोगी जनावराचा मेंदू खरोखर असेच ठोके देतो का? १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे इयान क्लार्क आणि जेम्स कमिन्स यांनी जागेपणी उभ्या असलेल्या मेंढ्यांच्या त्या खास रक्तवाहिन्यांतून थोड्या थोड्या वेळाने रक्त घेऊन हे तपासले. जीएनआरएचची एक उसळी आली की तिच्यामागे एलएचची एक उसळी, मग शांतता, मग पुन्हा उसळी, असे त्यांना दिसले.

शाळेची घंटा आठवा. एक टोला पडला तर तास बदलला, आणि सलग घणघणाट झाला तर शाळा सुटली! घंटा तीच, पितळ तेच, पण वाजण्याच्या लयीत अर्थ दडलेला असतो. जीएनआरएचचेही तसेच आहे. टोले जलद, म्हणजे तासाभराच्या अंतराने पडले तर एलएच अधिक सुटते. टोले तीन-चार तासांच्या अंतराने पडले तर एलएच मागे पडते आणि एफएसएचला वाव मिळतो. सलग घणघणाट झाला तर पियूषिकेच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरील ‘ग्राही’, म्हणजे आज्ञा ऐकणारे कान, आत ओढून घेतात आणि काम थांबवतात.

माजाच्या चक्रात ही लय बदलत जाते. अंडे सुटल्यावर रिकाम्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होते. त्यातील प्रोजेस्टेरॉन मेंदूला सांगते, ‘सावकाश.’ टोले विरळ होतात. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड विरते, टोले जलद होतात आणि नवे पुटक वाढते. पक्व पुटकातील इस्ट्रोजेन एका पातळीपुढे गेले की जनावर माज दाखवते आणि मेंदू जीएनआरएचचा एकच मोठा लोंढा सोडतो. त्यामागून एलएचचा लोंढा येतो आणि सुमारे एका दिवसाने अंडे बाहेर पडते. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी रेतन करा, हा गावोगावचा नियम याच वेळापत्रकावर बसवलेला आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ हर्सूल येथील प्रयोगशाळेत उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपलेली उत्तम वळूची गोठित रेतमात्रासुद्धा ही वेळ चुकली तर वाया जाते.

टोला देणारा हात

आता पुढचा प्रश्न. टोले किती जलद द्यायचे, हे जीएनआरएचच्या पेशींना कोण सांगते? या पेशी मेंदूत फार थोड्या, काही हजारच असतात. शिवाय माजाच्या वेळी ज्याचे महत्त्व एवढे, त्या इस्ट्रोजेनचे मुख्य ग्राही त्यांच्यावर नसतातच. म्हणजे मध्ये कोणी निरोप्या हवा.

तो निरोप्याही एक पेप्टाइडच निघाला. १९९६ मध्ये अमेरिकेतील हर्शी या गावी कर्करोगावर संशोधन चालू असताना एक जनुक सापडला. त्या गावच्या ‘किस’ नावाच्या चॉकलेटवरून त्याला नाव मिळाले, आणि त्याच्यापासून बनणाऱ्या पेप्टाइडला पुढे ‘किसपेप्टिन’ म्हणू लागले. ज्या माणसांत या पेप्टाइडचा ग्राही सदोष असतो, ती वयात येत नाहीत, असे २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. पाठोपाठ, २००७ मध्ये, मेंढीच्या अधश्चेतकात अशा पेशी आढळल्या की ज्यांच्या एकाच पेशीत तीन पेप्टाइडे असतात : न्यूरोकायनिन-बी, डायनॉर्फिन आणि किसपेप्टिन. पहिले टोल्याला सुरुवात करून देते, दुसरे त्याला आवर घालते, आणि तिसरे प्रत्यक्ष टोला जीएनआरएचच्या पेशीपर्यंत पोचवते. घंटा वाजवणारा हात तो हाच.

या हातापर्यंत जनावराच्या सर्व परिस्थितीची खबर पोचत असते.

पोटाची खबर : शरीरातील चरबीच्या पेशी ‘लेप्टिन’ नावाचे प्रथिन रक्तात सोडतात. याचा शोध १९९४ मधला. चरबी घटली की लेप्टिन घटते, आणि मेंदू समजतो की घरात दाणे नाहीत, पाहुणा बोलावू नये. टोले विरळ होतात. २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. अशा वर्षी जगण्यापुरता चारा मिळालेल्या जनावराने माज न दाखवणे हा रोग नव्हे. तो त्याच्या मेंदूने केलेला हिशेब असतो.

पिलाची खबर : वासरू वारंवार कास चोखत असले की तो स्पर्श मज्जातंतूंवाटे अधश्चेतकात जातो. तेथील अफूसारखे काम करणारी शरीराची स्वतःची पेप्टाइडे टोल्यांना आवर घालतात. आधीचे पिलू अंगावर पीत असताना दुसऱ्याची घाई नको, हा निसर्गाचा विचार.

दिवसाची खबर : रात्र जितकी लांब, तितका वेळ मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. म्हैस हे लहान दिवसांचे जनावर आहे. तिचा माज पावसाळ्यानंतर आणि थंडीत अधिक दिसतो, आणि म्हणून बहुतेक म्हशी श्रावण ते कार्तिकात व्यातात. आपल्या छत्रपती संभाजीनगरात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा. लंडनला हेच आकडे साडेसोळा आणि आठ तासांहून थोडे कमी असे आहेत. म्हणून ब्रिटनमधील मेंढी ठरावीक ऋतूतच माजावर येते, तर आपली उस्मानाबादी शेळी वर्षभरात केव्हाही.

उन्हाची खबर : म्हशीची कातडी काळी आणि तिच्यात घामाच्या ग्रंथी कमी. पारा चाळीसच्या वर गेला आणि डुंबायला पाणी नसले की शरीरावर ताण येतो. कॉर्टिकोट्रोपिन विमोचक कामाला लागते, कॉर्टिसॉल वाढते आणि प्रजननाचे टोले मंदावतात. ज्या म्हशीत पुटक पक्व होते, तिच्यातही माजाची लक्षणे इतकी सौम्य असतात की धन्याला ती दिसत नाहीत. यालाच ‘मुका माज’ म्हणतात.

उसनी चिठ्ठी

जीएनआरएचची रचना कळल्यावर ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागले. त्याच्या मण्यांत थोडा फेरफार करून अधिक टिकाऊ प्रकारही तयार झाले. आज पशुवैद्य त्याचे इंजेक्शन देतात, तेव्हा एका म्हशीला दहा-वीस मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाखाव्या किंवा पन्नास हजाराव्या भागाएवढे औषध पुरते.

१९९५ मध्ये अमेरिकेत गाईंसाठी एक पद्धत प्रसिद्ध झाली. पहिल्या दिवशी जीएनआरएच, त्यानंतर सातव्या दिवशी पीतपिंड विरघळवणारे प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, आणि त्यानंतर सोळा ते वीस तासांनी रेतन. माज दिसण्याची वाट पाहायची गरजच नाही. मुक्या माजाच्या म्हशींना या पद्धतीचा चांगला उपयोग होतो, आणि आपल्याकडेही ती वापरली जाते.

पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. इंजेक्शन म्हणजे मेंदूच्या नावाने पियूषिकेला पाठवलेली उसनी चिठ्ठी. पियूषिका ती वाचते आणि साठवलेले एलएच सोडते. अंडाशयात पक्व पुटक तयार असेल तर अंडे सुटते. मात्र हाडे दिसणाऱ्या, उन्हात तळपणाऱ्या म्हशीत पुटकच पक्व झालेले नसते, तेव्हा ही चिठ्ठी रिकाम्या घरी जाते. खर्च होतो, आणि पुढच्या एकवीस दिवसांनी पुन्हा तेच. अशा जनावराला आधी चारा, खनिज मिश्रण, सावली आणि अंगावर पाणी हवे. मेंदूला मिळणारी खबर बदलली की तो आपली चिठ्ठी आपणच लिहू लागतो.

पान्ह्याची गोष्ट

अधश्चेतकाचे आणखी एक पेप्टाइड गोठ्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचे नाव ऑक्सिटोसिन, मणी नऊ. याची रचना उलगडून ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवणारे व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याचा मार्ग थोडा वेगळा आहे. अधश्चेतकातील पेशी ते तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंतून पियूषिकेच्या मागच्या भागात नेऊन ठेवतात. तेथून ते सरळ रक्तात सुटते.

वासराने ढुशी दिली, सड धुतले, ओळखीचा हात लागला की ऑक्सिटोसिन सुटते. कासेतील दूधपिशव्यांभोवतीचे स्नायूसारखे तंतू आवळतात आणि दूध खाली उतरते. यालाच आपण पान्हा म्हणतो. म्हशीच्या कासेत खालच्या पोकळीत फारच थोडे दूध साठते, बहुतेक वरच राहते. म्हणून पान्ह्यावाचून म्हैस दूध देत नाही. वासरू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची जुनी युक्ती मेंदूलाच साद घालत होती. उलट आरडाओरडा किंवा मारझोड झाली की भीतीचे संप्रेरक पान्हा अडवते.

काही ठिकाणी पान्ह्यासाठी रोज ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचले जाते. त्याची सवय लागलेले जनावर स्वतःहून पान्हा सोडेनासे होते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारे इंजेक्शन देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कठीण बाळंतपणात जीव वाचवणारे औषध रोजच्या धारेसाठी वापरणे म्हणजे घणघणाट करून घंटाच निकामी करणे होय.

‘पीयूष’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध, म्हणजे आपला चीक, असाही आहे. पियूषिकेला हे नाव शोभते. पण तिच्या मागे उभा असलेला मेंदू आपल्याला आठवत नाही. म्हैस माजावर येत नाही, तेव्हा ती अडून बसलेली नसते. भूक, ऊन, दिवस आणि पिलू यांची बेरीज करून तिच्या मेंदूने ‘आत्ता नको’ असे उत्तर काढलेले असते. ते उत्तर बदलायचे असेल, तर बेरजेतले आकडे बदलायला हवेत, आणि त्यांतले बरेचसे गोठ्याच्या धन्याच्या हातात आहेत.

करून पाहा

घरी किंवा शेजारी गाय-म्हैस असेल तर एक वही घाला. रोज पहाटे आणि रात्री निजण्यापूर्वी, असे दोनदा जनावर पाहा. उन्हाळ्यात म्हशीचा माज बहुधा थंड वेळी दिसतो. ओरडणे, वारंवार थोडी थोडी लघवी करणे, चारा कमी खाणे, काचेसारखा पारदर्शक चिकट सोट पडणे, यांपैकी जे दिसेल ते तारखेसह लिहा. शक्य असल्यास गोठ्यातील सावलीचे तापमानही नोंदवा. माजाच्या दोन नोंदींत एकवीस दिवसांच्या आसपास अंतर येते का, ते तपासा. बेचाळीस आले, तर मधला माज मुका गेला असेल का, याचा विचार करा.

विचार करा

१. जीएनआरएच नेहमीच्या रक्तप्रवाहातून पाठवले असते, तर मेंदूला ते कितीतरी अधिक प्रमाणात का तयार करावे लागले असते?
२. सतत जीएनआरएच सोडणारी गोळी त्वचेखाली बसवून भटक्या जनावरांची पैदास रोखता येईल का? ‘घंटे’च्या उदाहरणावरून सांगा.
३. वासराला दिवसातून दोनदाच पाजले, तर गाईच्या माजावर काय परिणाम होईल? कारण द्या.